‘अल्यूड’ लिहिण्याआधी: यवतमाळच्या मंचावरचं एक वाक्य

प्रकरणाचा मसुदा मार्गदर्शकांकडून परत आला की मजकुराच्या आधी लाल शाई दिसते. माझ्या एका प्रकरणात एकाच इंग्रजी क्रियापदाभोवती ठिकठिकाणी गोल केलेले होते. क्रियापद होतं ‘अल्यूड’. लेखक अल्यूड्स टू हे, कवयित्री अल्यूड्स टू ते. समासात सरांनी एवढंच लिहिलं होतं: ‘उल्लेख केलाय, की सुचवलंय? कशावरून?’

मला आधी वाटलं, व्याकरणाची बारीकसारीक चूक असेल, शब्द बदलला की झालं. पण बदलायला बसले तेव्हा लक्षात आलं, की अर्ध्या ठिकाणी लेखकानं नेमकं काय केलंय हेच मला ठाऊक नव्हतं. ‘अल्यूड’ हा शब्द मी माझं अज्ञान झाकायला वापरत होते. पेट पास होऊन आता सारांश लिहायला बसलेल्या सगळ्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणार असाल तरी वाचा, आणि मराठीत प्रबंध लिहिणार असाल तर नक्कीच वाचा, कारण आपल्याकडे हाच गोंधळ ‘निर्देश करतो’, ‘सूचित करतो’, ‘संदर्भ देतो’ या तीन शब्दांत चालतो.

शब्द काय म्हणतो?

‘अल्यूड’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘लूडेरे’ म्हणजे खेळणं हे क्रियापद आहे. इंग्रजीत तो १६व्या शतकात आला आणि सुरुवातीला त्याला शब्दखेळाच्या, थट्टेच्या छटा होत्या. आज त्याचा काटेकोर अर्थ असा: एखाद्या व्यक्तीकडे, घटनेकडे किंवा पुस्तकाकडे नाव न घेता लक्ष वेधणं. काही कोशांनी थेट उल्लेख हा सैल अर्थही नोंदवला आहे, कारण लोक तसं बोलतात. बोलोत. प्रबंधात मात्र हा सैलपणा परवडत नाही. थेट उल्लेखासाठी ‘रेफर’ आणि ‘मेन्शन’ हे शब्द आहेतच. मग तिसरा शब्द घेताय, तर तो काहीतरी वेगळं सांगण्यासाठीच घ्यायला हवा.

व्याकरणाच्या चुका भरभर सांगते. ‘अल्यूड’नंतर ‘टू’ लागतो. ‘अल्यूड दॅट’ असं वाक्य होत नाही, तिथं ‘सजेस्ट’ किंवा ‘इम्प्लाय’ लागतं. ‘इल्यूड’ म्हणजे निसटणं, हातात न येणं, तो शब्द वेगळा. आणि ‘अल्यूजन’चं ‘इल्यूजन’ झालं की अप्रत्यक्ष उल्लेखाचा थेट भ्रम होतो. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

हे आपल्याला घरूनच येतं

खरं तर ही गोष्ट मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ऐकतच आपण मोठे झालो. बोलणारी सासू, समोर उभी लेक, आणि लागायचं ते सुनेला. सुनेचं नाव कुठंच नाही. वर्तमानपत्रात ‘नाव न घेता टीका’ हा मथळा दर आठवड्याला सापडतो. ‘त्यांचा रोख कुणाकडे होता?’ असं आपण विचारतो. टोमणा, टोला, कोपरखळी, चिमटा, आडून बोलणं. एवढे शब्द ज्या भाषेत आहेत तिथल्या विद्यार्थ्यानं सगळीकडे ‘निर्देश करतो’ लिहावं, हे जरा वाईटच.

पण एक फरक ध्यानात ठेवा. टोमण्यात बोचरेपणा असावाच लागतो. ‘अल्यूड’मध्ये तो असेल किंवा नसेल. आदरानं, दुःखानं, भीतीनंही माणूस नाव टाळतो. त्यामुळं लेखकानं अल्यूड केलं एवढ्यावरून त्यानं टीका केली असं होत नाही. या एका पायरीवर मी घसरले होते. ती पायरी दाखवायला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेते.

११ जानेवारी २०१९, यवतमाळ

९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं. संमेलन आपल्या गावाला नवं नव्हतं. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली ते इथं झालेलं होतं. २०१९ला अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा विरोध निघाला आणि आयोजकांनी त्यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं. त्यांचं न झालेलं भाषण सगळीकडे फिरलं, लोकांनी वाचलं. अनेक साहित्यिकांनी संमेलनाला जाणं टाळलं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला.

मग उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर मुलांना घेऊन उभी राहिलेली शेतकरी बाई, आणि श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकात काम केलेली कलावंत. नाटकाचं नावसुद्धा बघा. मरणाचा शब्द नाही, तेराव्याच्या विधीचा आहे. विदर्भात कुणालाही फोड करून सांगावी लागत नाही.

येडे यांच्या त्या भाषणातलं एक वाक्य सगळीकडे छापून आलं. मी त्याचा आशय देते: अडचणीच्या वेळी दिल्लीची नाही, तर गल्लीतलीच बाई कामी येते.

सहगल यांचं नाव त्यात नाही. मंडपातल्या प्रत्येकाला ते ऐकू मात्र आलं.

माझं चुकलेलं वाक्य

याच वाक्यावर मी मसुद्यात लिहिलं होतं: ‘येडे अल्यूड्स टू सहगल अँड क्रिटिसाइझेस हर.’ म्हणजे येडे सहगल यांच्याकडे सूचकपणे निर्देश करतात आणि त्यांच्यावर टीका करतात. वाचायला ठीक वाटतं. आता त्याचे दोन तुकडे करून बघू.

पहिला तुकडा, अल्यूड. सिद्ध होतो का? शब्दशः घेतलं तर अडचण आहे, कारण नयनतारा सहगल दिल्लीला राहतच नाहीत, डेहराडूनला राहतात. काव्यशास्त्राच्या पेपरला आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ करतो आणि गंगेवरच्या गवळीवाड्याचं तेच जुनं उदाहरण लिहून येतो. इथं ते तिन्ही एका वाक्यात भेटतात. दिल्ली हे शहर, हा वाच्यार्थ. तो बसत नाही. दिल्ली म्हणजे सत्ता, मोठेपणा, लांबचं मोठं नाव, ही लक्षणा. ‘गल्ली ते दिल्ली’ या आपल्या रोजच्या बोलण्यातून ती आयती मिळते, आणि पंडित नेहरूंची भाची म्हटल्यावर ती चिकटतेही. आणि जिचं निमंत्रण मागं घेतलं ती लेखिका, ही व्यंजना. तिथपर्यंत पोचायला तीन गोष्टी मदत करतात: प्रसंग (एका उद्घाटक बाईच्या जागी दुसरी), ‘बाई’ हा शब्द, आणि दोन बायकांची समोरासमोर मांडणी. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यामुळं अल्यूड लिहायला हरकत नाही.

दुसरा तुकडा, टीका. आता वाक्यातलं क्रियापद बघा. ‘कामी येते.’ इंग्रजीत नेताना त्याचं सहज ‘मदत करते’ होऊन जातं आणि मग अर्थ सरळ लागतो: दिल्लीची उपयोगाची नाही, गल्लीतली चांगली. पण मराठीत ‘कामी येणं’ वस्तूलाही म्हणतात. माळ्यावर टाकलेला जुना कंदील लाइट गेल्यावर कामी येतो. एरवी त्याच्याकडे कोण बघतं? ‘अडचणीच्या वेळी’ हे शब्द सोबत ठेवून वाक्य परत वाचा. गल्लीतल्या बाईची आठवण होते ती अडचण आल्यावर. तिला आधी बोलावलेलं नसतं. म्हणजे या वाक्यात अभिमान आहे तसा चटकाही आहे, आणि तो चटका बोलावून नाही म्हटल्या गेलेल्या बाईला लागत नाही. तो ऐनवेळी गल्लीत येणाऱ्यांना लागतो, आणि त्यातले काही तर मंचावरच बसले होते.

हे माझं वाचन आहे. येडे यांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. पण वाक्य हे वाचन पेलू शकतं. आणि ते पेलतं तोवर ‘सहगल यांच्यावर टीका’ असं बिनदिक्कत लिहिणं चूक आहे. नाव सहगल यांचं सुचतं, बाण मात्र दुसरीकडे असू शकतो. लेकी बोले सुने लागे.

सरांचा ‘कशावरून?’ याच जागेसाठी होता. मी एका बाईच्या तोंडी दुसऱ्या बाईवरची टीका घातली होती, आणि दोघींना अशा जागी आणून ठेवणारा निर्णय माझ्या वाक्यातून सुटून गेला होता. एका क्रियापदानं एवढं होतं.

त्याच मंचावरची दुसरी क्रियापदं

तुलना केल्याशिवाय शब्दाची किंमत कळत नाही. त्याच संमेलनात मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी निमंत्रण मागं घेण्यावर उघड टीका केली. तिथं ‘अल्यूड’ चालणार नाही, तिथं ‘क्रिटिसाइझ’. काही महिला सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून मंडपात आल्या होत्या. तिथं नाव उच्चारलेलं नाही, पण चेहराच समोर धरला, मग अप्रत्यक्ष काय उरलं? मी तिथंही अल्यूड लिहिणार नाही. आणि खुद्द सहगल? २०१५ साली साहित्य अकादमी पुरस्कार परत करताना त्यांनी जे निवेदन काढलं, त्यात कलबुर्गी, दाभोलकर, पानसरे ही नावं स्पष्ट घेतली आहेत. तिथं ‘नेम्स’ किंवा ‘रेफर्स टू’. घटना जवळपासच्या, विषय जोडलेला, पण क्रियापदं चार. सगळीकडे एकच लिहिलं तर माणसं वेगवेगळी वागली होती हेच पुसलं जातं.

आता उलटं उदाहरण. येडे यांच्या भाषणातला आणखी एक भाग बातम्यांत गाजला. पुढच्या जन्मी श्रीमंताच्या घरी जन्म मिळेल या आशेवर नवरा गेला, पण मी पुढचा जन्म मानत नाही, याच जन्मात लढते, असा त्याचा आशय. तिथं त्यांनी देशातल्या दोन मोठ्या उद्योगपतींची आडनावं घेतली. नावं थेट आहेत, पण रोख त्या दोन माणसांकडे आहे का? मला वाटतं, नाही. ती आडनावं तिथं श्रीमंतीचं माप म्हणून आली आहेत. म्हणजे आधीच्या वाक्यात नाव नसून माणूस आहे, आणि इथं नावं असून माणसं नाहीत. नाव आहे की नाही एवढंच बघून क्रियापद ठरवता येत नाही, ते यासाठी.

आणि गंमत बघा, ती आडनावं मी इथं लिहिली नाहीत, तरी तुम्ही मनात म्हटली. मी आत्ता जे केलं तेच अल्यूड. ब्लॉगवर चालतं. प्रबंधात तुमचा वाचक दहा वर्षांनी किंवा दुसऱ्या देशात बसलेला असेल, तिथं नावं लिहायची. लेखकानं सूचक बोलावं, संशोधकानं स्पष्ट.

तीन प्रश्न

आता मी ‘अल्यूड’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारते.

१. नाव खरंच टाळलंय का? मूळ मजकूर समोर हवा. भाषण असेल तर बातमीवर थांबू नका, चित्रफीत किंवा छापील भाषण शोधा. सूचकपणा शब्दाच्या निवडीत असतो, आणि बातमीत नेमके शब्दच बदलतात. वर मी आशयावर भागवलं. प्रबंधात भागणार नाही.

२. त्या वेळच्या ऐकणाऱ्याला ते कळण्यासारखं होतं का? सूचक उल्लेखाला दोन माणसं लागतात. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच गोष्ट आधीपासून माहीत असावी लागते. यवतमाळच्या मंडपात ती होती, कारण कित्येक दिवस दुसरा विषयच नव्हता. ती होती हे दाखवणं तुमचं काम.

३. बोलणाऱ्याचा तसा हेतू होता असं म्हणायला आधार आहे का? हा सगळ्यात अवघड. आधार मजकुरात आणि प्रसंगात शोधायचा, नंतरच्या घडामोडींत नाही. येडे यांनी त्याच वर्षी यवतमाळ-वाशिममधून लोकसभा निवडणूक लढवली. ते धरून जानेवारीतल्या भाषणात राजकारण होतंच असं लिहिण्याचा मोह होतो. टाळा. पुढं घडलेली गोष्ट मागच्या वाक्याचा पुरावा होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला हो म्हणता आलं नाही तर काय? मग ‘अल्यूड’ सोडा आणि ‘असं वाचता येतं’ लिहा. त्यात कमीपणा नाही. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ सालचं. नाटक पेशवाईतलं, पात्रं पेशवाईतली, पण त्यात तेव्हाच्या मुंबईचं राजकारण अनेकांनी वाचलं. नाटककाराच्या आपल्या बोलण्याचा आधार देणार असाल तर अल्यूड म्हणा. नाटकाची आणि काळाची फक्त सांगड घालणार असाल तर ते तुमचं वाचन आहे, आणि ते तुमच्याच नावावर ठेवा.

नेटच्या अभ्यासासाठीही हा फरक कामाचा आहे. क्रिस्तेव्हाच्या आंतरसंहितेत लेखकाच्या हेतूचा प्रश्न बाजूला पडतो. एक संहिता दुसऱ्या संहितांतून घडलेलीच असते. जनेतनं १९८२च्या पुस्तकात हीच संज्ञा अरुंद केली आणि तिच्यात तीन गोष्टी धरल्या: अवतरण, वाङ्मयचौर्य आणि अल्यूजन. अवतरणात उसनं घेतलेलं उघड असतं, चौर्यात लपवलेलं असतं. अल्यूजन मधलं: ज्याला मूळ गोष्ट माहीत त्यालाच वाक्य पुरतं कळतं. हा प्रकार परिभाषेच्या पेपरला लिहून येतो, पण वापरायला शिकतो तो ‘दिल्लीची बाई’सारख्या वाक्यावर.

सूचक बोलण्याला आयुष्य असतं

शेवटची गोष्ट. सूचक उल्लेख नासतो. २०१९च्या जानेवारीत जे वाक्य मंडपाला एका क्षणात कळलं, ते आज पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवलं तर त्यांना सुंदरशी म्हण वाटेल. गल्लीतली बाई चांगली, एवढंच. निमंत्रण, माघार, राजीनामा, न झालेलं भाषण, सगळं गळून जाईल. मग ते वाक्य एखाद्या फलकावर किंवा महिला दिनाच्या भाषणात फिरेल, आणि त्यातला चटका कुणालाच लागणार नाही.

ज्यांना उघड बोलणं महाग पडतं ते आडून बोलतात. मंचावर मोठी माणसं बसलेली, समोर गर्दी, हातात काही मिनिटं. अशा जागेवरून आडून बोललेलं वाक्य जपून ठेवायचं, तर कुणीतरी त्याखाली तळटीप लिहायला हवी: हे केव्हा बोललं गेलं, कुणाच्या जागी उभं राहून, कुणासमोर. ती तळटीप आपण लिहायची. आणि लिहिताना त्यांच्या तोंडी न बोललेलं घालायचं नाही.

माझं दुरुस्त वाक्य आता असं आहे: येडे नाव न घेता सहगल यांच्याकडे निर्देश करतात, वाक्याचा रोख मात्र सहगल यांच्यावर आहे की ऐनवेळी गल्लीतल्या बाईला बोलावणाऱ्यांवर, हे खुलं राहतं. आधीच्यापेक्षा लांब आहे. सरांनी या वेळी गोल केला नाही, समासात फक्त ‘चित्रफीत पाहिली का?’ असं लिहिलं आहे.

तुमच्यासाठी काम: आपल्या मसुद्यात ‘निर्देश करतो’, ‘सूचित करतो’ किंवा ‘अल्यूड’ शोधा. प्रत्येक ठिकाणी वरचे तीन प्रश्न विचारा. जिथं तिन्ही उत्तरं देता येतील तिथं शब्द राहू द्या. बाकी ठिकाणी बहुतेक ‘उल्लेख करतो’ पुरेल. आणि काही ठिकाणी, माझ्यासारखं, मूळ भाषण परत वाचायला जावं लागेल. जा.